सीलबंद डब्यातली बुरशी

कॉस्मे आल्मेडाच्या घरात दोन अल्तार आहेत, अशी मालवणात थट्टा चालायची. एक सायबिणीचा, म्हणजे मेरीमातेचा. त्याच्यापुढे त्याची बायको इनासिया रोज तिन्हीसांजेला मेणबत्ती लावायची. दुसरा शेजारच्या भिंतीवर, आणि त्याच्यापुढे खुद्द कॉस्मे उभा राहायचा, हात मागे बांधून, पोट पुढे काढून. तिथं देव नव्हता. कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या सीलबंद डब्यात एक जुनं कॉमिक होतं, 'पाणबुड्या सर्जा', अंक पहिला.

हसू नका. ज्यांना जुन्या कॉमिक्सचं वेड आहे त्यांना विचारा, तो अंक धड अवस्थेत आज शोधून सापडत नाही. कॉस्मेने तो अमेरिकेतल्या एका कंपनीकडे पाठवला होता. तिथली तज्ज्ञ मंडळी अंक भिंगाखाली घालतात, दहापैकी गुण देतात, डब्यात कायमचा बंद करतात आणि वर चिठ्ठी लावतात. कुणी फाटलेलं चिकटवलं असेल, उडालेला रंग भरला असेल, तर तसं चिठ्ठीवर लिहितात, आणि मग त्या अंकाला बाजारात कुत्रं विचारत नाही. कॉस्मेच्या अंकाला नऊ पॉइंट दोन मिळाले होते आणि दुरुस्तीचा शब्दही नव्हता. 'कोणाचो हात लागूक नाय,' तो येईल त्याला ऐकवायचा, 'निजामाच्या दुकानातसून माझ्या पेटयेत, नि थंयसून सरळ अमेरिकेक!'

हात लागला होता. इनासियाचा.

त्याला झाली असतील वीसेक वर्षं. कॉस्मे तेव्हा बोटीवर होता, वर्षातून एकदा घरी यायचा. पावसाळा सरला की इथं घरोघरी पेट्या उघडतात आणि गोधड्या, साड्या, कागदपत्रं, सगळ्याला ऊन दाखवतात. इनासियाने नवऱ्याची कॉमिक्सची पेटी उघडली आणि अंगणातल्या चटईवर, वाळत घातलेल्या खाऱ्या बांगड्यांच्या शेजारी, सगळे अंक मांडले. भलेपणानेच मांडले हो. मांजर मासळीवर येईल म्हणून काठी घेऊन राखणीलाही बसली. मांजर आलंच नाही. मागून शेजारची बकरी आली आणि सर्जाच्या मुखपृष्ठाचा वरचा कोपरा, त्यातल्या लाल सूर्यासकट, चावत उभी राहिली. बांगडे शाबूत राहिले आणि अंक गेला.

बाई रडली नाही, जागच्या जागी थंड पडली. नवरा कसला आहे ते तिला ठाऊक होतं. कॉस्मेने तिच्यावर कधी हात उगारला नाही. हात उगारण्यावर भागलं असतं तर तिने सुटकेचा श्वास सोडला असता. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिच्या हातून त्याचा रेडिओ पडला, तर बोटीवर परत जाईपर्यंत तो तिच्याशी अवाक्षर बोलला नाही. मात्र घरी कुणी आलं की हसत हसत म्हणायचा, 'माझ्या बायलेचे हात बघल्यात? दाखय गो, दाखय तेंका.' आणि तिला पाहुण्यांसमोर हात पुढे धरावे लागायचे. लोकही हसायचे. लोकांचं काय जातं हसायला!

म्हणून ती निजामकडे गेली. निजाम हा कॉस्मेचा शाळेपासूनचा सोबती. त्याच्या बापाचं बाजारात भाड्याने पुस्तकं देण्याचं दुकान होतं. बाप गेल्यावर निजामने तिथं जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री सुरू केली, आणि सर्जाचा अंक त्यानेच कॉस्मेला दिलेला. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच काळातल्या एका फाटक्या अंकाचा कागद घेऊन तिच्या घरी आला. मागच्या दाराने आला, कारण पुढच्या पडवीत शेजारणी कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं असतं तर गजाल कॉस्मेच्या बोटीपर्यंत पोचायला वेळ लागला नसता. कोपरा कसा बसवायचा ते त्याने एकदा दाखवलं आणि तो गेला. बाकीचं तिने केलं. नाताळचे कागदी तारे करणारे हात ते! तिने चुलीवर मैद्याची पातळ खळ शिजवली, कोपरा जोडला आणि ब्रशाच्या टोकाने सूर्य रंगवला.

'निजाम, तेंका सांगा नको हां,' ती म्हणाली होती.

'वैनी, माझ्या तोंडातसून जावचा नाय,' निजाम म्हणाला, आणि गेलं नाही.

पुढं कॉस्मे बोटीवरून कायमचा घरी आला आणि रिकाम्या माणसाला नवा नाद लागला. दुसऱ्यांच्या अंकांतली लपवलेली दुरुस्ती उघडी पाडायची. जांभळ्या उजेडाची एक बॅटरी मिळते, तिच्याखाली मागाहून लावलेला कागद आणि रंग वेगळा चमकतो. कोल्हापूरची तेजस्वी म्हणून एक मुलगी संग्राहकांचा मोठा ग्रुप चालवते आणि व्हिडिओ टाकते. तिच्या व्हिडिओंतून कॉस्मेचं नाव झालं. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, म्हणतात ना, तशातला प्रकार. फक्त आपलंही काही झाकलेलं आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

एकदा कणकवलीहून एक म्हातारे गृहस्थ आले. गेलेल्या मुलाचा अंक घेऊन आले होते. विकायचा नव्हता, नुसता 'बघा कसा आहे' म्हणून आणलेला. कॉस्मेने मोबाइल चालू ठेवून उजेड मारला आणि मोठ्याने म्हणाला, 'काका, ह्येका तर ठिगळांच ठिगळां आसत! तुमच्या झिलान कोणाक फसवचो बेत केल्लो?' जमलेली मंडळी खो खो हसली. म्हाताऱ्याने अंक पुन्हा पिशवीत घातला, पिशवीची गाठ नीट मारली आणि चहा न घेताच तो गेला. इनासिया कप घेऊन दारात उभी होती. त्या दिवशी तिला कळलं की आपलं गुपित बाहेर आलं तर हा माणूस आपल्याला जन्मभर असाच चारचौघांत उभा करील.

अंक अमेरिकेला गेला तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला होता. तो निर्दोष चिठ्ठी लावून परत आला तेव्हा तिने सायबिणीपुढे दोन मेणबत्त्या जास्त लावल्या. एवढे मोठे तज्ज्ञ, पण त्यांच्या भिंगाला तिचा कोपरा दिसला नव्हता. सुटले, असं तिला वाटलं. पण पेटीत होता तोवर त्या अंकाला डांबरगोळ्या होत्या, दर वर्षी ऊन होतं. डब्यात गेला आणि ऊन बंद झालं. सील अमेरिकेचं असलं म्हणून काय, मालवणची पावसाळी हवा त्याचं कुठं ऐकतेय!

यंदा श्रावण निम्मा झाला असताना, सांजेची मेणबत्ती लावताना तिला ते दिसलं. मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यावर, बरोबर जोडाच्या रेषेवर, बारीक पांढरी बुरशी धरली होती. बाकी अंक स्वच्छ होता. जिथं जिथं तिची खळ लागली होती तिथंच बुरशी, आणि कोपऱ्याला पांढऱ्या दोऱ्याने टीप घातल्यासारखी रेष. तिच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉस्मेने पाहिलं. बॅटरी आणली, उजेड मारला, सूर्य भलत्याच रंगाने चमकला. त्याने बॅटरी विझवली, मागे वळून इनासियाकडे पाहिलं, आणि म्हणाला, 'निजामान फसवल्यान माका.'

इनासियाचं तोंड उघडलं आणि मिटलं. अगं बाई, तेव्हाच बोलली असतीस तर! पण नाही. तिने मिठाची गुळणी धरली आणि भांडी घासायला गेली.

दुपारपर्यंत तेजस्वीच्या ग्रुपवर व्हिडिओ होता. निजामचा सगळा धंदा त्याच्या शब्दावर चालायचा. लोक नागपुराहून, बेळगावातून नुसत्या फोनवर त्याच्याकडचे अंक घ्यायचे, कारण अंकात काय खोट आहे ते तो स्वतःच आधी सांगायचा. तोच निजाम मित्रालासुद्धा ठिगळाचा अंक देतो म्हटल्यावर मग काय विचारता! पार्सलं परत यायला लागली. ज्यांना कधी काही खोट दिसली नव्हती त्यांनाही दिसायला लागली. ज्याच्या दुकानात बसून अर्ध्या बाजाराने पेपर वाचले, त्याच्या दुकानावरून बाजार मान वळवून जायला लागला.

निजाम आला. पुढच्या दाराने आला, चपला काढून पडवीत उभा राहिला.

'कॉस्मे, माझ्याकडसून गेलो तेवा अंक धड होतो रे.'

'मग ह्या कोणी केल्यान?'

निजामने भिंतीवरच्या डब्याकडे पाहिलं. त्या कोपऱ्याकडे पाहिलं. इनासिया पाण्याचा तांब्या घेऊन तिथंच होती, पण त्याने तिच्याकडे एकदासुद्धा नजर वळवली नाही.

'ता माका सांगूक येवचा नाय,' तो म्हणाला.

'येवचा नाय, की सांगूचा नाय?'

निजाम गप्प राहिला. टेबलावर कॉस्मेचा मोबाइल चालू होता. ते गप्प राहणंही ग्रुपवर गेलं, आणि ज्यांना थोडा संशय होता त्यांचाही फिटला. चोराला उत्तर सुचत नाही, असं लोकांनी लिहिलं. रविवारी मालवणला येऊन कॅमेऱ्यासमोर डबा फोडून अंक तपासते, असं तेजस्वीने कळवलं.

मासळी बाजारात निजामची बायको जहिरा भेटली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. निजामने दिलेला शब्द बायकोपुढेही मोडला नव्हता. 'इनास, तू तरी सांग गो,' ती कोळंबीच्या वाट्यावर वाकून हळूच म्हणाली, 'माझो घो असो आसा? पयल्यापासून बघतंस तू तेका. धड जेवणा नाय, धड बोलणा नाय.' इनासियाने 'नाही' अशी मान हलवली. जहिराने तिचा हात दाबला. हा हात दाबणं इनासियाला झेपलं नाही. ती तिथून घरी न जाता तडक इगर्जीत गेली आणि कुमसाराला, पापाची कबुली द्यायला, बसली. पाद्रीने जाळीपलीकडून सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, देवाने क्षमा केली, आता नवऱ्याला सांग. देवाचं बरं असतं, त्याला त्या घरात राहायचं नसतं.

तरी तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉस्मे घावणे खात असताना, पदर मुठीत धरून एका दमात सांगितलं. 'ता मी केलंय. बकरेन खाल्ल्यान कोपरो. निजामान नुसतो कागद दिल्यान. चिकटवलंय मी, रंगयलंय मी.'

कॉस्मेने घावण्याचा तुकडा मोडला, नारळाच्या रसात बुडवला.

'माका ठावक आसा,' तो म्हणाला.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

'पयल्याच दिवसा कळला,' तो घास गिळून म्हणाला. 'निजामाच्या बापाशीपासून तेंच्या खळीत मोरचूद घालतत. तिका बुरशी लागणा नाय, वाळवी लागणा नाय. बुरशी धरता ती रांधपाच्या खोलयेतली खळ. आणि ह्या घरात तसली खळ कोण शिजयता? मी शिजयतंय?'

'मग तेचा नाव कित्याक घेतल्यात?' तिचा आवाज चिरकला. 'तुमचो मित्र तो!'

'मग कोणाचा घेवचा? तुझा? कॉस्मे सगळ्या दुनियेचे अंक तपासता आणि तेच्या नाकाखाली तेच्याच बायलेन खोटो अंक करून ठेवल्यान, असा सांगू लोकांक?' तो हसला. खरंच हसला. 'निजाम बोलाचो नाय. शाळेत माझो मार तोच खायचो. तो तसलोच आसा.'

इतकी वर्षं इनासिया याच्या रागाला भीत आली होती. राग परवडला. मित्राचा चांगुलपणा मापून, जोखून, त्याच्यावरच सुरी धरून बसलेला हा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, तिला भीतीपेक्षा चीड जास्त आली.

'आयतवारी तेजस्वी येतली ना डबो फोडूक? तिच्यासमोर सांगतलंय मी. सगळ्यांसमोर.'

तिला वाटलं आता ताट उडेल. कॉस्मेने बोटं चाटून पुसली.

'सांग मां. मी खंय तुझा तोंड धरलंय?'

त्याच संध्याकाळी ती जहिराकडे गेली. उंबऱ्यातूनच म्हणाली, 'आयतवारी तू पण ये गो. मी बोलतलंय. तुझ्या घोवाचा नाव धुवान निघतला.' जहिराच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने इनासियाला आत ओढून शेवयांची खीर खायला घातली. निजाम आतल्या खोलीत होता. बाहेर आला नाही.

रविवारी मिसा आटोपून इनासिया घरी आली तर पडवी भरलेली. तेजस्वीने कॅमेरा तिकाटण्यावर लावला होता. डबा टेबलावर होता. गावातली चार-दोन मंडळी खुर्च्या ओढून बसली होती. निजाम भिंतीला टेकून उभा, जहिरा त्याच्याशेजारी, स्वच्छ इस्त्रीची ओढणी डोक्यावर घेऊन. सणाला आल्यासारखी आली होती बिचारी.

'डबा फोडायच्या आधी मला बोलायचं आहे,' इनासिया म्हणाली. परक्या माणसांसमोर ती पुस्तकी मराठीत बोलायची, शाळेत उत्तर दिल्यासारखी. 'हे निजामने केलेलं नाही. मी केलं आहे.'

जहिराने डोळे मिटले आणि ओठ हलवले. तेजस्वी खुर्ची पुढे ओढून बसली. भली मुलगी होती, तिला खरंच खरं हवं होतं.

'काकू, नीट सांगा. कधी केलंत?'

'हे बोटीवर होते तेव्हा.'

'आणि जुना कागद कुठून आणलात?'

'निजामने आणून दिला. कसं चिकटवायचं ते त्यानेच दाखवलं.'

'त्यांच्या दुकानात का?'

'नाही. इथं. घरी.'

'म्हणजे तेव्हा घरी आणखी कुणी असेल ना? कुणीतरी पाहिलं असेल तर बरं होईल, लोकांचा विश्वास बसेल.'

'नाही. मी एकटीच होते.'

'शेजारपाजारचं कुणी?'

'त्यांनी पाहू नये म्हणून तर तो मागच्या दाराने आला,' इनासिया म्हणाली, आणि शब्द तोंडातून सुटल्यावर तिला स्वतःला ते ऐकू आलं. तिने घाईने पुढं म्हटलं, 'मीच त्याला सांगितलं होतं, ह्यांना कळू देऊ नको. त्याने शब्द दिला होता मला.'

कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं. कुणीतरी खाकरलं. तेजस्वीने आणखी काही विचारलं नाही.

आणि इतका वेळ गप्प बसलेल्या कॉस्मेने कपाळावर हात ठेवला. आवाज इतका मऊ की बाहेरच्या माणसाला कीव यावी. तोही पुस्तकी मराठीत बोलला, कॅमेऱ्यासाठी. 'पुरे कर, इनास. इतकी वर्षं मी हे कुणापुढे काढलं नाही. आजही काढणार नव्हतो.'

'काय काढलं नाही?' इनासिया किंचाळली. 'काय आहे काढण्यासारखं?'

'कॅमेरा बंद करा, ताई,' कॉस्मे तेजस्वीला म्हणाला. 'घरातली गोष्ट आहे. त्याला वाचवायला निघाली आहे, दुसरं काय. मला तिला दोष द्यायचा नाही.'

तेजस्वीने मान खाली घालून कॅमेरा बंद केला. तिने वाद घातला असता, हसली असती, तरी चाललं असतं. तिला लाज वाटली, म्हणजे तिला पटलं.

'कॉस्मे!' निजाम भिंतीपासून सुटला. 'शिरा पडली तुझ्या तोंडार! काय बोलतंस, कळता तुका?'

'मी काय बोललंय?' कॉस्मे शांतपणे म्हणाला. 'तू बोल. खोटा तू कधी बोलणस नाय, सगळो बाजार सांगता. मी बोटीर असताना तू माझ्या घरात मागच्या दारान इल्लंस की नाय? एवढाच सांग.'

सगळ्यांच्या माना निजामकडे वळल्या. नाही म्हटलं असतं तर इनासिया खोटी पडली असती, आणि ती खोटी पडली की अंकाचं पाप पुन्हा त्याच्या माथी. हो म्हटलं तर काय होणार ते समोर दिसत होतं. पण एवढा हिशोब निजाम करत बसला नसणार. त्याला खोटं बोलताच येत नव्हतं, तीच त्याची सगळी पुंजी होती.

'इल्लंय,' तो म्हणाला.

जहिरा हळूच त्याच्यापासून हातभर बाजूला सरकली. तिने निजामकडे पाहिलं नाही. इनासियाकडे पाहिलं.

'ह्याच ऐकूक बोलयलंस माका?' ती म्हणाली. 'खीर खाल्लंस तू माझ्या घरात.'

'जहिरा, तसा काय नाय गो! सायबिणीची शपथ, तसा काय नाय!'

पण जहिरा पायऱ्या उतरली होती. निजाम तिच्या मागे धावला, फाटकाशी तिच्या खांद्याला हात लावायला गेला, तिने तो झटकला. रस्त्याने ती पुढे आणि तो बराच मागे, असे ते बाजाराकडे गेले. पडवीतली मंडळी खुर्च्यांवरून अर्धी उठून बघत होती.

डबा त्या दिवशी फोडलाच नाही. तेजस्वीने आवराआवर केली, निघताना कॉस्मेच्या हाताला हात लावला आणि 'काका, सांभाळा' म्हणाली. इनासियाला ती काही बोलली नाही. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सगळ्यांना कळलं होतं, कॅमेरा बंद होता तरी. अंकातही फसवला आणि घरातही, असं लोक लिहीत होते, आणि एवढं सोसून गप्प राहिलेल्या माणसाचं कौतुक करत होते. निजामचं नाव आता कुणी पुस्तकांच्या संदर्भात घेत नव्हतं.

पण ते संध्याकाळी. त्याआधी दुपारी, मंडळी पांगल्यावर, कॉस्मेने टेबलावरचा डबा उचलून भिंतीवर जागच्या जागी टांगला, हातपाय धुतले आणि पानावर बसला. इनासियाने वाढलं. सरंग्याची आमटी होती. त्याने भात कालवला, पहिला घास घेतला, मीठ बरोबर आहे म्हणून मान डोलावली. मग तिच्याकडे बघून, अगदी मायेने, विचारलं,

'काय गो, बरा वाटला मां आता, सगळा खरा सांगून?'